सेवा कशाला म्हणायचे? नेऱ्याचे शांतिवन आणि आपली चळवळ



आपल्या बैठकांत 'समाजसेवक' हा शब्द निघाला की मागच्या रांगेतून हसू येते. ते उगाच येत नाही. आपल्या कोरडवाहू मुलखात आजवर ज्या ज्या गाड्या आल्या, त्यांतून उतरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस शेतकऱ्याला काहीतरी शिकवायचे ठरवूनच उतरला. कुणी दारू सोडायला सांगितले, कुणी लग्नातला खर्च कमी करायला, कुणी बचत करायला. बचत कशातून करायची, हे मात्र कुणी सांगितले नाही. ज्याच्या कापसाला पिकवण्याचा खर्चही भरून निघेल असा भाव मिळत नाही, तो उधळपट्टीमुळे गरीब झाला म्हणणे म्हणजे आधी खिसा कापायचा आणि मग काटकसरीवर व्याख्यान द्यायचे. म्हणूनच शेतकरी चळवळीने पहिल्यापासून ठणकावून सांगितले की आम्हाला कुणाची दया नको, आमच्या घामाचा दाम द्या.

ते म्हणणे आजही तसूभर खोटे झालेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरच्या कापसाला दार उघडे. या एका सहीने आपल्या मुलखातल्या घरांचे जे नुकसान झाले, ते हजार समाजसेवक दहा वर्षे राबले तरी भरून निघणारे नाही. मूळ दुखणे तिथे आहे, आणि तिथला लढा कुणी ढिला करू नये.

मग हा लेख कशासाठी? भाव मिळेल तेव्हा मिळेल, पण तोवर आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरांत जे घडते, त्याला आपल्याकडे उत्तर नाही, म्हणून. कर्ता माणूस गेला की आपण तिरडीला खांदा देतो, तहसीलवर मोर्चा नेतो, निवेदन देतो. तेराव्यानंतर त्या घरात कोण जाते? हा प्रश्न प्रत्येक जिल्हा बैठकीने स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर शोधताना कापसाच्या मुलखापासून दूर, रायगड जिल्ह्यातल्या एका गावाकडे पाहणे उपयोगाचे आहे.

नेऱ्यात काय आहे

पनवेल तालुक्यातले नेरे हे भाताचे गाव. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, गाढी नदीच्या खोऱ्यात ते आहे. मुंबई तिथवर सरकत आली आणि जिथे खंडीने भात मोजायचे तिथे आता जमीन गुंठ्याने मोजतात. पण नेऱ्याचे नाव महाराष्ट्रात झाले ते शांतिवनामुळे. कुष्ठरोग निवारण समितीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम उभे केले. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे महारोग. अंगावर चट्टा दिसला की माणूस घरातून जायचा, गावातून जायचा, आणि देवळाच्या पायरीवर नाहीतर रेल्वेच्या पुलाखाली हात पसरून बसायचा.

अशा माणसासाठी काम करायचे तर पहिली गरज औषधाची. पण शांतिवनासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना लवकरच कळून चुकले की गोळी देऊन काम भागत नाही. रोगी बरा होतो, पण घर त्याला परत घेत नाही. घराने घेतले तर गाव पाणवठ्यावर येऊ देत नाही. बोटे झडलेल्या हाताला कुणी मजुरी देत नाही. म्हणून उपचाराबरोबर पुनर्वसन आले, हाताला काम आले, शेती आली. पुढे त्याच जागेवर वृद्धाश्रम आला, डोंगरातल्या आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आली, निसर्गोपचार केंद्र आले. कुणाला वाटेल की संस्था भरकटली, कुष्ठरोगाचे काम सोडून शाळा कशाला? ज्याने गावात राहून एखादे काम तडीस नेले आहे, त्याला हे विचारावे लागणार नाही. माणसाचे दुखणे खात्याखात्यांत वाटलेले नसते. एक धागा ओढला की सगळे वस्त्र हाताशी येते.

आपल्या भागातही हेच घडले आहे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन सुरू केले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन १९५१ पासूनचे. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी १९३६ मध्येच कुष्ठसेवेला हात घातला होता. यांतले कुणी समाजकार्याची पदवी घेऊन आलेले नव्हते. पण जे केले ते सगळीकडे सारख्याच क्रमाने होत गेले. आधी जखम, मग घर, मग गाव, मग कायदा.

चार ठिकाणची जखम

हा क्रम नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

कुष्ठरोगात कातडीला बधिरपणा येतो. हात चुलीवर भाजला तरी कळत नाही, पायात काटा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते आणि बोटे जातात. पहिले काम म्हणजे रोज हातपाय तपासायला शिकवणे, जखम धुणे, औषध चालू ठेवणे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सांगितला आणि १९८३ पासून भारतात त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. आज सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

दुसरी जखम घरात. बायकोला माहेरी पाठवलेले असते, मुलीचे लग्न अडलेले असते. तिथे गोळी चालत नाही. तिथे कुणीतरी ओसरीवर बसून, चार वेळा चहा पिऊन बोलावे लागते.

तिसरी जखम गावात. गावाची भीती भाषणाने जात नाही. बरा झालेला माणूस चारचौघांत जेवला, त्याच्या हातचे कुणी खाल्ले, की जाते.

चौथी जखम कायद्यात. इंग्रजांनी १८९८ मध्ये महारोग्यांसाठी कायदा केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून कोंडून ठेवण्याची सोय त्यात होती. ज्या भागांत कायदा लागू केला तिथे सार्वजनिक विहिरीचे पाणी घ्यायला आणि खाण्यापिण्याच्या वस्तू विकायला त्याला बंदी करता येत असे. स्वातंत्र्य आले, औषध आले, डिसेंबर २००५ मध्ये देशातले रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्याही खाली गेले. तरी तो कायदा केंद्राच्या पुस्तकातून पुसला गेला तो २०१६ साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते २०१९ मध्ये निघाले.

औषध आल्यावर कायदा बदलायला तीस-पस्तीस वर्षे लागली. त्या वर्षांत जखमा धुणाऱ्यांनी कायदा बदलेपर्यंत थांबायचे ठरवले असते तर किती माणसे पाण्याविना मेली असती? आणि सगळ्यांनी नुसत्या जखमाच धुतल्या असत्या, तर तो कायदा आजही तसाच असता. दोन्ही कामे करावी लागली. ही गोष्ट आपण चळवळवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दत्तपूरची दुसरी आठवण

दत्तपूरचे नाव वर आले. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ते नाव दुसऱ्याच कारणाने रुतलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवले, ते याच दत्तपूरला. राज्यात गाजलेली ती पहिली शेतकरी आत्महत्या. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अनेक जण त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात.

ज्या जागी समाजाने टाकून दिलेल्या माणसांना आसरा मिळत होता, तिथे एक शेतकरी कुटुंब शेवटचे म्हणून गेले. त्यांच्या मनात काय होते याचा तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एवढे तर म्हणता येते की त्या वेळी कुष्ठरोग्यासाठी देशात एक दार होते, मोडक्या कर्जदार शेतकऱ्यासाठी एकही नव्हते. आज, इतक्या वर्षांनंतर तरी आहे का?

कागदावर आहे. पण कागदावर असणे आणि दारात असणे यांत फार अंतर आहे.

एका घरात सहा कागद

समजा, आपल्या तालुक्यातल्या एका घरातला कर्ता माणूस गेला. मागे तिशीतली बाई, दोन मुले, म्हातारी सासू आणि पाच एकर कोरडवाहू. त्या बाईपुढे किती दारे आहेत ते मोजू.

एक : शासनाची एक लाखाची मदत. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. बिनपरवाना सावकाराचे असेल, किंवा जमीन बटईने केलेली असेल, की प्रकरण अपात्र. मरणाचीही पात्रता परीक्षा!

दोन : वारस नोंद. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हक्क १९५६ च्या वारसा कायद्याने पक्का आहे. पण तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज गेल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही, आणि नाव चढल्याशिवाय पीककर्ज नाही. जमीन सासऱ्याच्याच नावावर असेल तर घरातल्या घरात भांडण उभे.

तीन : संजय गांधी निराधार अनुदान. २०२३ पासून महिना १,५०० रुपये. या योजनेच्या लाभार्थ्यांत कुष्ठरोगी आहेत आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवाही आहे. सरकारने दोघांना एकाच यादीत बसवले आहे. मी नेऱ्याची गोष्ट का काढली, हे यावरून ध्यानात येईल.

चार : मुलांसाठी बालसंगोपन योजना, २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये. हे दार महिला व बालविकास कार्यालयात आहे, तहसीलात नाही. तहसीलातल्या कारकुनाला बहुधा ते ठाऊकही नसते.

पाच : सावकार. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे सावकारीच्या पोटी बळकावलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल, तर चौकशी करून परत देववण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला आहे. खरेदीखत झाले म्हणजे जमीन गेली, असे अजून कितीतरी घरे धरून चालतात. आणि कोर्टाची वेळ आली तर कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हे १९८७ च्या कायद्यात लिहिलेले आहे.

सहा : स्वतः ती बाई. तिला रात्री झोप येत नाही. सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणते. मोठा मुलगा शाळेत जायचा थांबला आहे. या कागदाला नमुना नाही आणि शिक्का नाही. पण हा अडला तर बाकीचे पाचही पडून राहतात, कारण ती घराबाहेरच पडत नाही.

आता या सहा कामांसाठी सहा खाती, सहा साहेब आणि सहा संस्था आहेत. बियाण्याची संस्था बियाण्याचे पाहते, पाणलोटवाली पाण्याचे, बचत गटवाली हप्त्याचे. प्रत्येकजण आपापल्या खिडकीपुरता शहाणा. ती बाई एकटी सहा खिडक्यांपुढे रांगा लावते. प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. तिसऱ्या फेरीनंतर ती नाद सोडते आणि कार्यालयात शेरा पडतो : अर्जदार अनुपस्थित.

मिश्र पिकाची विद्या

समाजकार्याच्या महाविद्यालयांत सहा पद्धती शिकवतात. एका माणसाला मदत करणे, गटाबरोबर काम करणे, वस्ती संघटित करणे, संस्था चालवणे, पाहणी-संशोधन करणे आणि सामाजिक कृती, म्हणजे आपल्या भाषेत आंदोलन. पूर्वी यांतली एकेक पद्धत धरून माणसे तज्ज्ञ होत. पण खेड्यात उतरल्यावर एक पद्धत पुरत नाही, म्हणून जगभरात असा विचार पुढे आला की कार्यकर्त्याला सगळ्याच पद्धती थोड्याथोड्या याव्यात, आणि कुठे कोणती लावायची हे समोरचे घर पाहून त्याने ठरवावे. याला सर्वांगीण समाजकार्य म्हणता येईल.

कोरडवाहू शेतकऱ्याला ही विद्या नवी नाही. आपण रानात एकच पीक पेरून बसत नाही. कापसात तुरीची तासे टाकतो, ज्वारीत मूग-उडीद घेतो. पावसाने एकाला दगा दिला तर दुसरे हाती लागावे आणि जमीनही शाबूत राहावी. बागायतीतल्या माणसाला एका पिकावर जगता येते, कोरडवाहूला येत नाही. तसेच शहरात मानसोपचाराचा डॉक्टर वेगळा, वकील वेगळा, समुपदेशक वेगळा असा थाट परवडतो. आपल्याकडे तालुक्याला मिळून एक माणूस असेल, तर तो मिश्र पिकाचाच असला पाहिजे.

त्यासाठी मोठी पदवी लागते असेही नाही. मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या नावाने देशातले पहिले समाजकार्य विद्यालय निघाले, त्यानंतर नागपूर, पुणे आणि इतरत्र निघाली. त्यांनी काम केले नाही असे मी म्हणणार नाही. २००५ साली उच्च न्यायालयापुढे शेतकरी आत्महत्यांच्या कारणांची पाहणी ठेवली ती याच टाटा संस्थेने. पण पदवीधर बहुतेक शहरातच राहतात. गावच्या माणसाला काय जमते याचा दाखला विदर्भातच आहे. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प १८ महिने चालला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघरी पाठवले. खचलेल्या लोकांशी त्यांनी बोलावे, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यावे, एवढेच काम. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. जे काम मोठ्या इस्पितळांना जमले नाही, ते ओसरीवर बसणाऱ्यांनी केले.

या कामाला शिस्त हवी

मात्र चांगले मन असले म्हणजे झाले, असे समजू नये. चांगल्या मनाच्या माणसांनी आपल्या लोकांचे कमी वाटोळे केलेले नाही. या कामाची काही मूल्ये आहेत. पुस्तकात ती मोठ्या शब्दांत लिहिलेली असतात, इथे आपल्या शब्दांत सांगतो.

पहिले, समोरच्याची इज्जत. धनादेश देताना फोटो काढायचा नाही. शिलाई मशीन देऊन त्या बाईला स्टेजवर रडायला लावायचे नाही. कुष्ठरोग्याला सर्वांत जास्त बोचली ती लोकांची नजर. आपल्या मदतीत ती नजर असेल तर मदत न केलेली बरी.

दुसरे, निर्णय तिचा. जमीन विकायची की कसायची, माहेरी जायचे की इथे राहायचे, पुन्हा लग्न करायचे की नाही, हे ती ठरवेल. आपण कायदा सांगू, नफातोटा सांगू आणि गप्प बसू. दीर, सरपंच आणि आपला तालुकाध्यक्ष यांनी मिळून तिचे भविष्य ठरवायचे, याला सेवा म्हणत नाहीत.

तिसरे, तोंडावर कुलूप. घरातले कर्ज, व्यसन, भांडण, आजार कानावर येईल. ते चहाच्या टपरीवर गेले तर दुसऱ्या दिवसापासून एकही घर आपल्याला दार उघडणार नाही. एकाच गोष्टीला अपवाद आहे. कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर ते मनात ठेवायचे नाही. त्याला एकटे सोडायचे नाही, घरच्यांना जवळ आणायचे आणि डॉक्टरला गाठायचे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहिलेला असावा.

चौथे, न्यायनिवाडा नको. 'दारू पीत होता म्हणून मेला' हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. ते बोलायला सरकारी अहवाल आहेत.

पाचवे, आपण नकोसे होईपर्यंतच काम. दुसऱ्या वर्षी ती बाई स्वतः तहसीलात जाऊन बोलू लागली पाहिजे, आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या बाईला बरोबर घेऊन गेली पाहिजे. तसे झाले नाही तर आपण एक नवा मध्यस्थ तयार केला, एवढेच.

धार बोथट होईल का?

यावर आपल्यातल्याच जुन्या कार्यकर्त्यांचा आक्षेप मला ऐकू येतो. अर्ज भरत बसलात तर लढणार कोण? सेवेने असंतोष थंड होतो. सरकारला हेच हवे असते. तुम्ही त्यांच्या लुटीवर मलम लावत बसाल.

आक्षेप वजनदार आहे, उडवून लावण्यासारखा नाही. असे झालेले आपण पाहिले आहे. चांगले आंदोलक संस्थाचालक झाले, मग अनुदानाच्या अर्जात गुंतले, मग मंत्र्याच्या शेजारी बसले. म्हणून या कामाला सरकारी पैसा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पण आक्षेपाची दुसरी बाजूही पाहू. ज्या घरात आपण मोर्च्यापुरते जातो ते घर पुढच्या मोर्च्याला येत नाही. शिवाय पन्नास घरांचे कागद हाताखालून गेले की कार्यकर्त्याला जे कळते ते कोणत्याही पुढाऱ्याला कळत नाही. किती प्रकरणे बिनपरवाना सावकारीमुळे अपात्र झाली, किती वारस नोंदी अडल्या, कोणत्या बँकेने अनुदान परस्पर कर्जखात्यात वळते केले, ही सगळी मोजदाद हाती आली म्हणजे निवेदनात जोर येतो. एकेका घराची तक्रार 'बघतो' म्हणून टाळता येते. पन्नास घरांची यादी टाळता येत नाही.

आणि हे आपल्या परंपरेच्या बाहेरचे आहे असे कुणी म्हणू नये. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीचे काम उभे राहिले आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. तो कार्यक्रम कुणाला भीक घालण्याचा नव्हता. घराच्या आतला अन्याय चळवळीने आपला मानला होता. आज त्या घरांतल्या बायका सातबाऱ्यावर आहेत म्हणून संकटात उभ्या राहू शकतात. जिथे लक्ष्मीमुक्ती झाली नाही, तिथे आज वारस नोंदीसाठी हेलपाटे चालू आहेत. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याला ना निधी लागला ना योजना, एक ग्रामसभा पुरली. आपल्या किती शाखांनी तसा ठराव गावात मांडला?

जिल्हा बैठकीपुढे सूचना

चर्चेसाठी चार सूचना मांडतो.

एक, प्रत्येक तालुक्याने एक बाई आणि एक पुरुष असे दोन कार्यकर्ते या कामासाठी नेमावेत. त्यांना वर्षभर दुसरे पद देऊ नये. त्यांचा एसटीचा आणि झेरॉक्सचा खर्च शाखांनी वर्गणीतून करावा.

दोन, त्या दोघांनी तालुक्यातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक नमुना आणि प्रत्येक मुदत माहीत करून घ्यावी. सुरुवातीला प्रत्येकी पाच घरे घ्यावीत आणि ती शेवटपर्यंत न्यावीत. पन्नास घरांची यादी करून एकही तडीला न नेणे, हा आपला जुना रोग आहे.

तीन, दर तीन महिन्यांनी त्यांनी जिल्हा बैठकीला नावे न सांगता हिशेब द्यावा. काय अडले, कुठे अडले, कुणी अडवले. त्यातून पुढच्या आंदोलनाची मागणी ठरावी.

चार, मदत घेतलेल्या घराने संघटनेचा बिल्ला लावलाच पाहिजे, सभेला आलेच पाहिजे, अशी अट कुणीही घालू नये. सावकारही मदतीला अट घालतो. त्याच्यात आणि आपल्यात फरक राहिला पाहिजे.

आपल्याकडे इरजिकीची रीत होती. ज्याचे काम मागे पडले त्याच्या रानात सगळ्या गावाच्या आऊतांनी एक दिवस जायचे. त्यात कुणी दाता नव्हता, कुणी याचक नव्हता. आज त्याची पेरणी, उद्या माझी. त्या दिवशी जेवण असायचे, भाषण नसायचे. नेऱ्याच्या माळावर अनोळखी माणसांनी टाकून दिलेल्या माणसांसाठी जे केले, ते आपण आपल्याच भावकीसाठी करू शकत नाही का?

कापसाच्या भावाची लढाई लांबची आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण लढाई जिंकू त्या दिवशी गुलाल उधळायला ती घरे गावात उरलेली असली पाहिजेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या अशा घरांची मोजणी करून यावी. नावे नकोत, आकडा पुरे. आणि त्या आकड्यासमोर लिहावे : तेराव्यानंतर या घरांत आपल्यापैकी कोण गेले होते?